सीडीवरची भजनं लिनक्सवर उतरवताना घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी नव्वदेक सीडी आहेत. त्यांतल्या दोन तुमच्या वडिलांच्या भजनी मंडळाच्या, २००७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुणाकडंही नाही. भाच्यानं लॅपटॉपवर उबुंटू २१.१० ही लिनक्सची प्रणाली घालून दिली होती. त्यावर सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर घालायला गेलात तर आधी ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ आलं, मग ४०४ आलं. कुठल्याशा साइटवरून फाइल उतरवून घातलीत, तर ‘अनमेट डिपेंडन्सीज’. शेवटी एक प्रोग्रॅम बसला, पण त्यात एमपी३चा पर्याय पुसट दिसतो, आणि यूएसबी ड्राइव्हमधली सीडी कधी दिसते, कधी दिसत नाही. पाच वेळा काढून पुन्हा घातलं असं तुम्ही लिहिलंय.

सहाव्यांदा घालू नका. तुम्हाला ही एकच अडचण वाटतेय, पण या वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्या सगळ्याच इन्स्टॉलच्या नाहीत. ड्राइव्हला वीज कमी पडत असेल तर प्रोग्रॅम पन्नास वेळा घातला तरी काही होणार नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं ते होतं. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात गेली पंधराएक वर्षं मी कॅसेट आणि सीडी उतरवून देतोय. माझ्याकडं येणाऱ्या दहांतल्या आठ-नऊ जणांचं हेच झालेलं असतं: पडद्यावर आलेली ओळ वाचलेली नसते, आणि इन्स्टॉल मात्र चार-पाचदा केलेलं असतं.

सगळ्यात आधी एक करा. वडिलांच्या त्या दोन सीडी डबीत घालून कपाटात ठेवा. सगळी जोडणी बाजारातल्या एखाद्या साध्या सीडीवर लावून बघायची. ती सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट उतरली की मगच त्या दोन बाहेर काढायच्या.

आज्ञा मी इथं फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं घेऊन टाइप करायच्या. जिथं अक्षरं चुकण्याचा धोका आहे तिथं एकेक अक्षर सांगतो.

आता पहिली अडचण, ४०४ची. उबुंटूच्या नावातला आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २१.१० म्हणजे २०२१चा ऑक्टोबर. ही मधली आवृत्ती होती, आणि अशा आवृत्तीला फक्त नऊ महिने आधार मिळतो. तो जुलै २०२२मध्ये संपला. आधार संपला की त्या आवृत्तीची सगळी पॅकेजेस, म्हणजे घालायच्या प्रोग्रॅमची गाठोडी, नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर ठेवतात. तुमचा लॅपटॉप अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय, तिथं कुणी राहत नाही, म्हणून ४०४. लॅपटॉपचा दोष नाही, तुमचाही नाही. हे इन्स्टॉल यशस्वी होणं शक्यच नव्हतं.

यावर दोन वाटा आहेत. एक, ‘ईटीसी’मधल्या ‘अ‍ॅप्ट’ फोल्डरातली ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ ही फाइल उघडून त्यात जिथं जिथं आर्काइव्ह किंवा सिक्युरिटीचा पत्ता आहे तिथं ‘ओल्ड-रिलीजेस डॉट उबुंटू डॉट कॉम’ लिहायचं आणि ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ चालवायचं. एवढ्यानं पॅकेजेस मिळायला लागतील. पण जुलै २०२२पासून सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेल्या लॅपटॉपवर काम तसंच रेटायचं हे मला पटत नाही. दुसरी वाट म्हणजे २४.०४ ही दीर्घ आधाराची आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन नव्यानं घालायची. तिला २०२९पर्यंत आधार आहे. मी हेच सुचवेन. घरचे फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, मगच हे करा.

लॅपटॉपला हात लावायची भीती वाटत असेल तर तिसरी वाटही आहे. २४.०४चा तोच पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करायचा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडायचं. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. प्रोग्रॅम तिथंच तात्पुरते घालायचे आणि गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवायची. लॅपटॉप बंद केला की घातलेले प्रोग्रॅम जातात, बाहेरच्या डिस्कवरची गाणी राहतात. माझ्याकडं येणाऱ्या वयस्क मंडळींना मी पुष्कळदा हेच करून देतो.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ हा निरोप वेगळा आहे. यंत्राकडं पॅकेजांची जी यादी आहे तिच्यात हे नाव दिसलं नाही, असा त्याचा अर्थ. अपडेट न करताच इन्स्टॉल केलं तर तो येतो. नाव चुकीचं टाइप झालं तरी येतो. आणि ‘युनिव्हर्स’ हा विभाग बंद असला तरी येतो. सीडी उतरवायचे बहुतेक प्रोग्रॅम याच विभागात आहेत. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडलंत की पहिल्याच पानावर ‘कम्युनिटी-मेंटेन्ड’ अशी ओळ आहे, तिच्यापुढं खूण करा. किंवा टर्मिनलमध्ये:

सुडो अ‍ॅड-अ‍ॅप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स
सुडो अ‍ॅप्ट अपडेट

साइटवरून फाइल उतरवून घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ती फाइल दुसऱ्याच आवृत्तीसाठी बांधलेली असते, तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू तुमच्याकडं नसतात, आणि ती अर्धवट बसून राहते. मग पुढचं कुठलंही इन्स्टॉल त्या अर्धवट पॅकेजपाशी येऊन थांबतं. लॅपटॉप आहे तसाच ठेवायचा असेल तर ‘सुडो डीपीकेजी डॅश-डॅश-कॉन्फिगर डॅश-ए’ आणि नंतर ‘सुडो अ‍ॅप्ट डॅश-डॅश-फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ असं चालवा. दुसरी आज्ञा बहुधा ते अर्धवट पॅकेज काढून टाकायची परवानगी मागेल, द्या. पण आधी ती कायकाय काढणार आहे ती यादी नीट वाचा. यादीत शेकड्यानं नावं दिसली तर ‘नाही’ म्हणा.

‘कुड नॉट गेट लॉक’ असं आलं तर काही करू नका. मागं आपोआप होणारी अपडेट चालू असते, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ती लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, त्यानं पॅकेजांची वहीच बिघडू शकते.

आता काय घालायचं. माझा हात एबीसीडीई या प्रोग्रॅमवर बसलेला आहे. इंग्रजी वर्णमालेतली पहिली पाच अक्षरं, एवढंच त्याचं नाव. तो स्वतः सीडी वाचत नाही आणि एमपी३ही बनवत नाही. तो मुकादमासारखा आहे: वाचायचं काम सीडीपॅरानोइयाला देतो, फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल, करायचं काम फ्लॅकला, एमपी३चं काम लेमला, आणि गाण्याची नावं लिहायचं काम आणखी कुणाला. यातलं एखादं माणूस कामावर आलेलं नसेल तर मुकादम तिथं अडतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एमपी३ पुसट दिसतोय त्याचं कारण हेच. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो असंडर असावा. तो उघडताना बघतो की लेम यंत्रावर आहे का. नसेल तर एमपी३चा चौकोन निवडूच देत नाही. प्रोग्रॅम काढून घालायची गरज नाही, लेम घाला आणि असंडर बंद करून पुन्हा उघडा.

एके काळी लेम सरळ मिळत नसे, कारण एमपी३वर पेटंट होतं. जुन्या लेखांमध्ये त्यासाठी कुठले कुठले परके भांडार जोडायला सांगितलेले असतात. एमपी३चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७मध्येच बंद झाला, आता लेम उबुंटूच्याच भांडारात आहे. ते जुने लेख वाचून काही जोडू नका.

तर एका दमात सगळी माणसं कामावर घ्या:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल एबीसीडीई सीडीपॅरानोइया फ्लॅक लेम आयडी३

शेवटचं नाव नीट लिहा: ई, वाय, ई, डी आणि ३चा आकडा. हे एक पॅकेज बरेच जण विसरतात. मग ‘आयडी३ इज नॉट इन युअर पाथ’ म्हणून प्रोग्रॅम थांबतो. त्या ओळीच्या पुढंच कुठलं पॅकेज घालायचं ते लिहिलेलं असतं, पण माणूस वैतागलेला असतो, तिथपर्यंत वाचत नाही.

आणखी एक खुणगाठ बांधा. एबीसीडीई मध्येच थांबला तर ज्या फोल्डरातून चालवला त्यात स्वतःच्या नावाचं आणि सीडीच्या क्रमांकाचं एक फोल्डर सोडून जातो. पुन्हा चालवलं की तो जिथं थांबला तिथून पुढं सुरू करतो. हे सोयीचं आहे. पण पहिल्या वेळी काही चुकीचं झालेलं असेल तर तीच चूक पुन्हा पुन्हा पुढं येते. अशा वेळी ते फोल्डर पुसा आणि नव्यानं सुरुवात करा. आणि हा प्रोग्रॅम सुडो लावून चालवू नका, नाहीतर सगळी गाणी रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याच्या, मालकीची होतात आणि नंतर तुम्हालाच नाव बदलता येत नाही.

हे झालं सॉफ्टवेअर. तुमच्या घरात मला खरा संशय ड्राइव्हचा आहे. ‘कधी दिसते, कधी नाही’ हे वाक्य प्रोग्रॅमच्या दोषाचं नाही. टर्मिनलमध्ये एल, एस, बी, एल, के अशी पाच अक्षरं टाइप करून एंटर करा. यादीत ‘एसआर शून्य’ अशी ओळ आणि तिच्यापुढं ‘रॉम’ दिसलं पाहिजे. दिसलं तर यंत्रानं ड्राइव्ह ओळखला. मग सीडी आत असताना ‘सुडो डीमेसेज’ चालवा. स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी. शेवटच्या ओळींत ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ असं परत परत येत असेल तर वीज कमी पडतेय.

यूएसबी २च्या एका खोबणीतून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३मधून ९००. आतली चकती फिरायला लागते त्या क्षणी पातळ ड्राइव्ह याहून जास्त ओढू शकतो, मग तो बंद पडून पुन्हा जागा होतो. हब वापरत असाल तर काढा, ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. निळी खोबण असेल तर तिथं लावा. तरी होत नसेल तर दोन तोंडांची यूएसबी केबल घ्या, तिचं दुसरं तोंड फक्त वीज घ्यायला असतं. माझ्याकडं आलेल्या कित्येक बिघडलेल्या ड्राइव्हांना फक्त ही केबल लागली.

ड्राइव्ह स्थिर झाला की एक तपासणी:

सीडीपॅरानोइया डॅश-व्हीएसक्यू

यात व्ही आणि एस लहान, क्यू मोठा. ट्रॅकची यादी आणि प्रत्येकाची लांबी आली, तर सीडी ध्वनीची आहे आणि वाचता येतेय. ‘डिव्हाइस बिझी’ असं आलं तर सीडी घातल्याबरोबर उघडणारा फाइल मॅनेजर किंवा गाणी वाजवणारा रिदमबॉक्स बंद करा. दोघं एकाच वेळी ड्राइव्ह ओढत असतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की माउंट करायला, म्हणजे सीडी फोल्डरासारखी उघडायला, गेलं तर ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ येतं, म्हणजे सीडी खराब झाली का. नाही. ध्वनीच्या सीडीवर फाइली नसतातच. १९८०मध्ये फिलिप्स आणि सोनीनं जो नियम ठरवला त्यात फक्त आवाजाचे आकडे एका सलग सर्पिल रेघेत, मधून बाहेर गोल गोल, लिहिलेले आहेत. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून सेकंदाला १,७६,४०० बाइट. ट्रॅक कुठून सुरू होतो एवढ्याची यादी आतल्या बाजूला असते. फाइल सिस्टीम नाही, तर माउंट काय होणार? विंडोजवर मात्र अशा सीडीत जितके ट्रॅक तितक्या फाइली दिसतात, सीडीए नावाच्या. त्या फाइली ४४ बाइटच्या असतात, नुसता पत्ता. राजारामपुरीतलं एक कुटुंब माझ्याकडं आलं होतं. आजोबांच्या वाढदिवसाला मुलांनी गायलेल्या गाण्यांची सीडी होती. घर आवरताना कुणीतरी तिच्यातल्या अशा १२ फाइली पेन ड्राइव्हवर ओढून घेतल्या, बारा नावं बारा ठिकाणी दिसली, आणि सीडी भंगारात दिली. पेन ड्राइव्हवर सगळं मिळून ५२८ बाइट होते. माझ्याकडं करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून सांगतो, उतरवलेली फाइल पूर्ण ऐकल्याशिवाय मूळ सीडी घराबाहेर जाऊ देऊ नका.

याच्या उलटही होतं. आपल्याकडं विकलेल्या ‘५० अभंग’ छापाच्या पुष्कळ सीडी एमपी३च्या असतात. त्यांत खरोखरच फाइली असतात, त्या सरळ कॉपी करायच्या, सीडीपॅरानोइयाला त्यांत काही सापडणार नाही. आणि नाटकांच्या, कीर्तनांच्या व्हीसीडी असतील तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरातली डॅट फाइल कॉपी करताना ‘इनपुट-आउटपुट एरर’ येते. तीही खराब सीडीची खूण नाही, त्यावरची माहिती वेगळ्या पद्धतीनं भरलेली असते. व्हीसीडीइमेजर पॅकेजमधला व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्रॅम ती नीट काढतो. नव्वद सीडी आधी अशा तीन ढिगांत वेगळ्या करा, निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

आता वाचनाबद्दल थोडं खोलात लिहितो, कारण तुमच्या दोन सीडींसाठी हेच महत्त्वाचं आहे. ध्वनीच्या सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात, प्रत्येक २,३५२ बाइटचा. माहितीच्या सीडीत त्याच तुकड्यातली २,०४८ बाइट माहितीला असतात आणि उरलेल्या जागेतली बरीचशी चुका दुरुस्त करायला. ध्वनीच्या सीडीत हा जादा बंदोबस्त नाही. वाजवताना ड्राइव्ह अडला तर तो मधला आवाज अंदाजानं भरतो आणि आपल्याला कळतही नाही. सीडीपॅरानोइया एकेक भाग एकमेकांवर चढवून पुन्हा वाचतो आणि जुळतंय का बघतो, म्हणून त्याला वेळ लागतो. त्याची शेवटची मूळ आवृत्ती २००८ची आहे. जुनी दिसते म्हणून दुसरं काही शोधत बसू नका, काम चोख आहे.

त्याच्या पडद्यावर एक छोटा चेहरा दिसतो. काम सुरळीत असेल तर हसरा. ओरखडा लागला की तोंड पडतं. डोळा मारलेला, पडलेल्या तोंडाचा चेहरा आला म्हणजे त्या जागी त्यानं हात टेकले. पट्टीवर इंग्रजी व्ही हे अक्षर उमटलं तर तिथला आवाज खऱ्या वाचनातला नाही. ही अक्षरं बघत बसायची सवय लावा.

जुलै २०२१च्या पुरात व्हीनस कॉर्नरच्या मागच्या बाजूला ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांतल्या एका मावशींची सीडी माझ्याकडं आली होती. घरीच लिहिलेली सीडी-आर, मुलीच्या अरंगेत्रमची, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाची. वर पंचगंगेचा गाळ वाळून पापुद्रा झाला होता. तो नखानं किंवा कापडानं खरवडला असता तर सगळं संपलं असतं. मी एका घमेल्यात कोमट पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि सीडी तासभर नुसती बुडवून ठेवली. गाळ आपोआप सुटला. मग वाहत्या पाण्याखाली धरून, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं मधल्या भोकापासून कडेकडं सरळ रेघेत पुसली, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा सर्पिल रेघेच्या बरोबरीनं लांबवर जातो, आडव्या ओरखड्यात मात्र प्रत्येक फेरीला थोडंच नुकसान होतं. सावलीत उभी करून वाळवली. सीडी-आरला ऊन दाखवायचं नाही, आतला रंग उन्हानं उडतो.

लॅपटॉपच्या ड्राइव्हवर तिचा चौथा ट्रॅक पाऊण तास अडला आणि व्हींची रांग लागली. मी थांबवलं. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा डीव्हीडी रायटर लावला, वेग चारवर आणला, म्हणजे सीडीपॅरानोइयाला ‘डॅश मोठा एस, ४’ असं सांगितलं, आणि तोच ट्रॅक पुन्हा घेतला. एकही व्ही न येता उतरला. वेगवेगळ्या ड्राइव्हांची नजर वेगवेगळी असते, विशेषतः सीडी-आरसाठी. घरातला ड्राइव्ह अडला म्हणजे सीडी गेली असं ठरवू नका, ओळखीत कुणाकडं जुना डेस्कटॉप असेल तर तिथं लावून बघा.

खालच्या बाजूचा ओरखडा बराचसा वाचवता येतो, कारण १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक मध्ये असतं. वरच्या, नाव लिहायच्या बाजूचा ओरखडा जास्त वाईट, चकाकणारा थर अगदी तिथंच खाली आहे. मंडळाच्या सीडीवर कागदाची चिकटपट्टी असेल तर ती सोलू नका, थरासकट येईल.

त्या दोन सीडींसाठी स्वरूप फ्लॅकच ठेवा. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातलं काहीही कमी होत नाही, आणि जागा मात्र जवळजवळ निम्मी लागते. तासाभराची सीडी न दाबता ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे-चारशे. नव्वद सीडी धरल्या तरी ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतील. भजनासाठी आणखी एक कारण आहे. मंडळ एका अभंगातून दुसऱ्यात थांबत नाही, मृदंग आणि टाळ चालूच असतात. सीडीवर ट्रॅक वेगळे असले तरी आवाज सलग आहे. एमपी३ आवाजाला १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बसवतो, म्हणून ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. जुन्या प्लेअरवर प्रत्येक अभंगाच्या सांध्याला ठेका चुकल्यासारखं वाटतं. फ्लॅकमध्ये तसं होत नाही. भावंडांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपी३ हवाच, तर दोन्ही एकदम बनवा:

एबीसीडीई डॅश-ओ फ्लॅक,एमपी३

स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही.

नावांच्या बाबतीत, जुने लेख फ्रीडीबीचा, म्हणजे इंटरनेटवरून गाण्यांची नावं देणाऱ्या सेवेचा, पत्ता घालायला सांगतात. ती सेवा २०२०मध्ये बंद झाली. प्रोग्रॅम त्या पत्त्यावर वाट बघत बसतो आणि माणसाला वाटतं इन्स्टॉल बिघडलं. सेटिंगमध्ये म्युझिकब्रेन्झ ही तशीच दुसरी सेवा असू द्या. आपल्या पुष्कळ मराठी सीडी तिथंही सापडणार नाहीत, मग ‘अननोन आर्टिस्ट’ येईल. येऊ द्या, आधी सगळं उतरवा, नावं नंतर पिकार्ड किंवा ईझीटॅगमध्ये देवनागरीत भरा. माझी पद्धत अशी की फाइलचं नाव रोमन लिपीत, आतलं नाव देवनागरीत. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीचे चौकोन दिसतात, पण निदान फाइलच्या नावावरून गाणं शोधता येतं. बाजारातल्या सीडींची माहिती पिकार्डमधून म्युझिकब्रेन्झला पाठवलीत तर फार बरं होईल. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाँ खाँसाहेबांना ज्या गावात आणून ठेवलं त्या गावातल्या घराघरांत किती दुर्मीळ गाणं पडून असेल, आणि त्याची साधी यादीसुद्धा कुठं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वडिलांच्या सीडी उतरवताना प्रत्येक सीडी एकाच ड्राइव्हवर दोनदा घ्या, दोन वेगळ्या फोल्डरांत. प्रत्येक फाइलीवर ‘मेटाफ्लॅक डॅश-डॅश-शो-एमडी५सम’ चालवा आणि दोन्ही खेपांचे आकडे जुळवा. जुळले तर वाचन पक्कं. एक ट्रॅक जुळला नाही तर तेवढाच हळू वेगानं पुन्हा घ्या. दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलेल्याशी मात्र हे आकडे जुळवू नका, प्रत्येक ड्राइव्ह थोडा पुढं-मागं वाचायला सुरू करतो, त्यामुळे आवाज बिनचूक असूनही आकडा वेगळा येतो. मग दोन प्रती करा, एक तुमच्याकडं, एक दुसऱ्या गावातल्या भावाकडं किंवा बहिणीकडं. पूर आला तर एका गल्लीतल्या दोन्ही प्रती एकदमच पाण्यात जातात.

नवी प्रणाली घातल्यावर कुठं अडलं तर पडद्यावरच्या शेवटच्या दहा ओळी जशाच्या तशा पाठवा, फोटो काढून पाठवल्यात तरी चालेल. आणि ‘डीमेसेज’चं जे काय येईल ते आत्ताच पाठवा, केबल घ्यायची की नाही ते मी लागलीच सांगतो.